पेवातून माळ्यावर : नीरेच्या कालव्याकाठच्या घरांतील साठवणीचा इतिहास

१/
आजचा धागा किल्ल्यांविषयी नाही, लढायांविषयीही नाही. तो आहे घराच्या डोक्यावर, कौलांच्या उताराखाली दडलेल्या त्या अंधाऱ्या जागेविषयी, जिला आपण माळा म्हणतो. कमी खर्चात, वाकून चालावे लागणाऱ्या त्या जागेत वस्तू रचायच्या कशा, हा प्रश्न आज घर बांधणाऱ्यांना पडतो. आपल्या पणजीलाही तो पडला होता. तिने दिलेले उत्तर समजून घेण्यासाठी बारामतीच्या पश्चिमेस, नीरा गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावरील पणदरे आणि त्याच्या आसपासचा मुलूख नजरेसमोर ठेवू.

२/
आरंभीच एक अडचण सांगितली पाहिजे. या मुलखातील जुन्या घरांना माळाच नव्हता. बारामती-इंदापूर हा पर्जन्यछायेचा प्रदेश. वर्षाकाठी जेमतेम ५०० ते ६०० मिलिमीटर पाऊस. कोकणात याच्या पाचपट पडतो, म्हणून तिथले छप्पर उतरते. पाणी क्षणभरही थांबू द्यायचे नसते. इथे पाण्याचे भय नव्हते, उन्हाचे होते. म्हणून घराला माळवद असे. जाड भिंती, त्यावर तुळया, तुळयांवर आडवी लाकडे, त्यावर काटक्या आणि पाला आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर. छप्पर सपाट. उजेडासाठी आणि धूर जाण्यासाठी त्यात एक भोक ठेवलेले, त्याला साणे म्हणत.

३/
सपाट छपराखाली उताराची पोकळी राहत नाही. मग धान्य कुठे ठेवायचे? उत्तर : खाली. जमिनीत.

त्याचे नाव पेव. जमिनीत खणलेला, तोंडाशी अरुंद आणि पोटात रुंद असा खड्डा. आतून कडब्याचा वा भुसकटाचा थर द्यायचा, ज्वारी ओतायची, तोंडावर दगड ठेवून माती लिंपायची. आत प्राणवायू संपत जातो आणि कीड जगत नाही. ही युक्ती इतकी प्रभावी होती की पेव उघडताना माणसांनाही तिचे भय असे. तोंड उघडून बराच काळ हवा खेळू द्यायची, आत दिवा सोडून पाहायचा; दिवा विझला तर माणसाने उतरायचे नाही. घाई करणारे पेवातच गुदमरून गेल्याच्या कथा गावोगाव आहेत.

४/
पेवाखेरीज घरात बळद असे. सधन घराच्या दोन भिंतींच्या मध्ये ठेवलेली ही उभी, बंदिस्त पोकळी. धान्य वरून ओतायचे आणि तळाशी असलेल्या लहानशा झरोक्यातून लागेल तसे काढायचे. जुने आधी बाहेर येते, नवे वर साचते. आजच्या गोदामांत जो नियम फलकावर लिहून लावावा लागतो, तो इथे भिंतीनेच पाळून घेतला होता.

गरिबाघरी बळद नव्हते. तिथे कणगी : बांबूच्या कामट्या विणून, शेणमातीने सारवून केलेले धान्याचे भांडे.

५/
आता स्वस्ताईच्या मुद्द्याकडे येऊ, कारण तोच मला सर्वांत रोचक वाटतो.

शहरी माणसाला साठवण म्हटले की फळी आठवते. पण या गावांत फळी ही महागडी वस्तू होती. नीरा-कऱ्हेच्या या माळरानावर सागवान नाही. होती ती बाभूळ आणि कडुनिंब. बाभळीचे लाकूड कणखर, पण आखूड आणि वाकडे. नांगराला उत्तम, लांब फळीला निरुपयोगी. घराचे मोजमापसुद्धा लाकडाने ठरे : घर किती खणांचे, असे विचारले जाई आणि खण म्हणजे दोन खांबांमधले अंतर, तेवढ्यावर तुळई पेलते का, एवढाच त्याचा हिशेब.

६/
यात बलुतेदारीची भर घाला. सुताराला सुगीला धान्याचे बलुते मिळे ते शेतीच्या अवजारांच्या कामासाठी : नांगर, कुळव, पाभर. घराची फळी, दार, फडताळ ही कामे वेगळी. त्यांची मजुरी वेगळी द्यावी लागे. कुंभाराचे मात्र तसे नव्हते. घरची नित्याची मडकी बलुत्यातच येत.

म्हणजे लाकडाच्या मांडणीला रोकड लागे आणि मातीच्या मांडणीला लागत नसे. आता आपल्या घरांत फळ्यांऐवजी उतरंड का होती, हे निराळे सांगायला नको.

७/
उतरंड हा शब्द आज केवळ लग्नगीतांत आणि म्हणींत उरला आहे, म्हणून थोडे थांबू. तळाला मोठा रांजण वा डेरा, त्यावर त्याहून लहान मडके, त्यावर आणखी लहान, शेवटी झाकणी. प्रत्येक मडके खालच्याचे झाकण होते. भिंतीला खिळा नको, फळी नको, कुलूपही नको. वरची पाच मडकी उतरवल्याशिवाय सहाव्यात हात जात नाही आणि ती गुपचूप उतरवणे चोराला जमत नाही. डाळी, बी, मीठ, हळद, गूळ आणि पुष्कळदा सर्वांत खालच्या मडक्यात घरधनिणीचे चार रुपये, जे घरधन्याला ठाऊक नसत.

८/
हवेतली जागाही वाया जात नसे. तुळईला शिंकाळे टांगलेले, त्यात दूध-दही. मांजर आणि मुंग्या दोघांपासून दूर. भिंतीत कोनाडा आणि देवळी, खुंटीला पागोटे, दोरीने टांगलेल्या दांडीवर वाकळा आणि धडुती. चुलीवरच्या धुरात बियाण्याची कणसे लटकत. धुराने किडा लागत नसे. घरातला प्रत्येक सांधा काही ना काही धरून ठेवी. वेगळे फर्निचर म्हणावे असे घरात जवळपास काहीच नव्हते.

९/
साठवण आणि आग यांचे नाते जुने आहे. शिवाजी महाराजांचे १६७०च्या दशकातले, चिपळूणकडच्या छावणीतील अधिकाऱ्यांना लिहिलेले पत्र तुम्हांपैकी अनेकांनी वाचले असेल. रयतेला उपद्रव देऊ नये, ही त्यातली ताकीद सर्वांना ठाऊक असते. त्याच पत्रात एक निव्वळ घरगुती सूचना आहे : रात्री दिवे जळते ठेवू नका, उंदीर पेटती वात पळवील, गवताला आग लागेल आणि साठवलेला दाणा-वैरण जाईल. राज्याभिषेकाच्या आगेमागे राजा उंदराचा आणि वातीचा विचार करतो आहे. साठा जळला तर पावसाळ्यात घोडी मरतात, हे त्याला माहीत होते.

पुढे फेब्रुवारी १८२८मध्ये शनिवारवाडा पेटला आणि कित्येक दिवस जळत राहिला. दगडी जोते राहिले, त्यावरचे लाकडी मजले नाहीसे झाले.

१०/
आता १८७५. स्थळ सुपे. आज हे गाव बारामती तालुक्यात आहे. तेव्हा तालुक्याचे नाव भीमथडी. १२ मे रोजी, बाजारात, आसपासच्या गावांतील शेतकरी जमले आणि त्यांनी सावकारांच्या घरांवर व दुकानांवर चाल केली. दख्खनच्या दंग्यांची ही सुरुवात.

धाग्याच्या विषयाशी याचा संबंध काय? त्यांनी काय मागितले ते पाहा. माणसाचा जीव नव्हे. त्यांनी मागितल्या खतावण्या आणि कर्जरोखे. कागद बाहेर काढून जाळले. धान्याची दुकाने लुटली, काही घरांना आग लावली. पण खरा रोख कागदांवर होता.

११/
कारण साधे होते. कर्जाचा कागद एकच आणि तो सावकाराच्या घरात. शेतकऱ्याच्या घरात त्याची प्रत नाही, फेडलेल्या पैशाची पावती नाही. १८५९च्या मुदतीच्या कायद्याने साध्या कर्जाच्या दाव्याला तीन वर्षांची मर्यादा घातली तेव्हा सावकार दर तीन वर्षांनी नवा रोखा लिहवून घेऊ लागला. थकलेले व्याज त्यात मुद्दल होऊन बसे. शेतकऱ्याने अंगठा उठवायचा. कोर्टात प्रश्न एवढाच : कागद कोणाच्या ताब्यात आहे?

एका घरात पेव होते, उतरंड होती, धान्य होते, कागद नव्हता. दुसऱ्या घरात पेटीभर कागद होते आणि त्यांच्या बळावर पहिल्या घरातले पेव रिकामे होत होते.

१२/
दंग्यांच्या चौकशीसाठी आयोग बसला आणि १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्यक कायदा झाला. त्याचे गुणदोष हा स्वतंत्र विषय. कर्ज कमी झाले की केवळ त्याचे रूप बदलले, यावर अभ्यासकांत वाद आहेत. आपल्यापुरते एवढे : कर्जाचे दस्त गावच्या निबंधकापुढे करावेत, सावकाराने पैसे मिळाल्याची पावती द्यावी, हिशेब मागितल्यास दाखवावा, अशा तरतुदी त्यात होत्या.

शेतकऱ्याच्या घरात प्रथमच जपून ठेवावा असा कागद येऊ लागला. आणि कागद पेवात ठेवता येत नाही.

१३/
दुसरा बदल पाण्याने आणला. १८७६ ते १८७८च्या भीषण दुष्काळाच्या सुमारास नीरेवरील कालव्याच्या कामाने जोर धरला; वरच्या बाजूस भाटघरचे धरण बांधले गेले आणि १८८५च्या सुमारास डाव्या कालव्यातून पाणी खेळू लागले. पणदऱ्याच्या शिवारालगतचा मुलूख बघता बघता पालटला. ज्वारी-बाजरीच्या रानात ऊस उभा राहिला, गुऱ्हाळे धडधडू लागली. पुढे माळेगावचा सहकारी साखर कारखाना याच पट्ट्यात निघाला.

कालव्याने पैसा आणला, हे सर्व जण सांगतात. कालव्याने भूजलही वर आणले, हे कमी सांगितले जाते.

१४/
काळ्या जमिनीत बारमाही पाणी मुरत राहिले की निचरा होत नाही. पाण्याची पातळी चढते, क्षार वर येतात, जमीन चोपण होते. दख्खनच्या कालव्यांलगतच्या या पाणथळीचा प्रश्न विसाव्या शतकाच्या आरंभी इतका गंभीर झाला होता की सरकारी अभियंत्यांना त्याचा स्वतंत्र अभ्यास हाती घ्यावा लागला. क्लॉड इंग्लिस यांचे नाव त्यात प्रमुख आहे.

शेताचे जे झाले तेच गावठाणाजवळच्या जमिनीचे होते, असे धरले तर पेवाचे काय होईल? पेवाचा सारा भरवसा कोरड्या जमिनीवर. जमिनीला ओल आली की ज्वारी कुजणार. कालव्याने धान्याला जमिनीतून उठवून वर ढकलले, असा माझा तर्क आहे. हे एकमेव कारण होते, असे मी म्हणणार नाही. ज्वारीऐवजी ऊस आल्यावर साठवायला ज्वारीच कमी उरली, हेही त्याच काळात घडले.

१५/
धान्याला वर जागा हवी होती आणि नेमके तेव्हाच छपराचे रूप बदलत होते.

१८६५ साली मंगळूरला बासेल मिशनने यंत्रावर कौले काढण्याचा कारखाना सुरू केला. त्याआधी आपल्याकडे कुंभाराची देशी कौले होती : हाताने थापलेली, गोलसर, एकमेकांवर नुसती टेकवलेली. वानर-मांजर चालले की सरकत, म्हणून दर वर्षी पावसाळ्याआधी घर शाकारावे लागे. मंगळुरी कौल सपाट, त्याला खाचा आणि गुंतवायची नाके. एक कौल दुसऱ्यात अडकते. मात्र त्याला सारख्या अंतरावर, सरळ कापलेल्या रिपा लागतात. वाकड्या बाभळीवर ते बसत नाही. म्हणजे बाहेरून सागवान वा देवदार आणणे आले.

१६/
तेही शक्य झाले. १९१४ साली दौंड-बारामती ही अरुंद मापाची रेल्वे सुरू झाली. आगगाडी गूळ घेऊन जाई हे खरे. पण रिकामी परत येत नसे. लाकूड, लोखंड, पत्रा, कौल असा जड माल बैलगाडीने शंभर मैल आणणे आणि रेल्वेने आणणे यांच्या खर्चात जमीन-अस्मानाचे अंतर.

पडलेल्या जुन्या घराजवळ गेलात तर कौल उलटून पाहा. बहुतेक मंगळुरी कौलांवर कारखान्याचे नाव आणि चिन्ह उठवलेले असते. ताम्रपट मिळणार नाही, पण घर कोणत्या काळात आणि कोठल्या मालाने छपरले गेले, याचा पुरावा हातात येतो.

१७/
अशा रीतीने देशावरच्या सधन होऊ लागलेल्या घराला आढे आले, दोन पाखी आली, वळचण आली. आणि तुळयांवर फळ्या टाकताच त्यांच्यामध्ये माळा आला.

शब्दाची गंमत पाहा. मुंबईत ‘तिसरा माळा’ म्हणजे तिसरा मजला, जिथे संसार थाटतात. देशावर माळा म्हणजे जिथे माणूस राहत नाही, वस्तू राहते. आणि दोन मजल्यांच्या मध्ये कोंबलेला तो पोटमाळा. तिन्ही शब्द एकाच कुळातले, पण एकात सहा माणसे झोपतात आणि एकात सहा पोती.

१८/
आता थोडे गणित. कंटाळू नका, दोन मिनिटांत संपेल.

घर २० फूट रुंद, छपराचा उतार ३० अंशांचा आणि माळ्याची फळी भिंतीच्या माथ्याशी सपाट टाकली आहे, असे धरू. आढ्याखाली उंची मिळते सुमारे पावणेसहा फूट. प्रत्येक भिंतीपासून सव्वापाच फुटांपर्यंत उंची तीन फुटांहूनही कमी, म्हणजे तिथे रांगायचे. दोन्ही बाजू मिळून साडेदहा फूट गेले. अर्ध्याहून अधिक माळा. आणि पाच फुटांहून अधिक उंची मिळते ती मध्यभागी केवळ पावणेतीन फुटांच्या पट्ट्यात. तेवढी तर एका माणसाची वाटच झाली.

१९/
आता तीच फळी दोन फूट खाली टाका. म्हणजेच बाजूची भिंत माळ्याच्या वर दोन फूट चालू ठेवा. पाच फुटांहून अधिक उंचीचा पट्टा पावणेतीनवरून साडेनऊ फुटांच्या वर जातो. रांगायची जागा उरते दोन्हीकडची मिळून साडेतीन फूट. कौले तीच, वासे तेच, भिंतही तीच. फक्त फळीची जागा हलली.

जुन्या गवंड्यांना त्रिकोणमिती शिकवली नव्हती. पण कालव्याकाठचे घर पाडताना संधी मिळाली तर भिंतीत तुळयांची भोके कुठे आहेत ते पाहा. माथ्यापासून हात-दीड हात खाली असतील तर त्या गवंड्याला हे गणित हाताने येत होते. युरोपात सतराव्या शतकात फ्रान्स्वा मान्सार या वास्तुकाराच्या नावाने जे मोडक्या उताराचे छप्पर प्रसिद्ध झाले, त्यातही प्रश्न हाच होता. त्याने छपराला खालच्या भागात जवळजवळ उभे केले. आपल्याकडे छप्पर जागीच राहिले, फळी खाली आली. दुसरा उपाय स्वस्त.

२०/
उताराखालची रचनाही विचाराने होई. खोलीतल्या सात मडक्यांच्या उतरंडीला माळ्यावर जागा नाही. तिथे मध्याजवळ चार-पाचांची, मग तिघांची, वळचणीजवळ एकटा बुटका डेरा. उतरंड पाखीच्या उताराबरोबर उतरत जाते. लाकडी कपाट असे कापून लहान करता येत नाही. मडके कमी करणे सोपे.

जड वस्तू भिंतीजवळ, हलक्या मध्याकडे. इथे एक सुदैव आहे. तुळईच्या मधोमध ओझे ठेवले तर ती सर्वांत अधिक वाकते. टेकूजवळ, म्हणजे भिंतीशी ठेवले तर कमी. आणि जिथे उंची नाही, माणूस फिरू शकत नाही, तीच जागा भिंतीजवळची. पोते आडवे ढकलायला तीन फूट पुरतात. ज्वारीचे शंभर किलोंचे पोते, अशी दहा पोती म्हणजे एक टन. ती आढ्याखाली मधोमध रचणाऱ्या घराची तुळई पावसाळ्याआधीच कुरकुरू लागली असती.

२१/
हलके ते टांगायचे. आढ्याला बियाण्याची कणसे, लसणाच्या जुड्या. रिपांच्या फटीत खुरपे, विळा. वळचण ही तर स्वतंत्र कपाटच होती : बाहेरून हात घालून कोयता, चाबूक, पोथीचे सुटे पान, काहीही खोचायचे. दोन पालथ्या मडक्यांवर एक ओबडधोबड फळी टाकली की पापड-कुरडयांच्या डब्यांची मांडणी तयार. खिळ्याचाही खर्च नाही आणि उतार बदलला तर मडकी बदलायची.

हे सारे करत कोण होते? अरुंद शिडीवरून, एका हाताने पदर आणि दुसऱ्या हाताने टोपली सांभाळत, उन्हाळ्यात तापलेल्या कौलांखाली जाणाऱ्या घरच्या बायका. कोणते मडके कुठे, त्यात गेल्या वर्षीचे काय उरले, याची नोंदवही त्यांच्या डोक्यात होती. गावच्या इतिहासात कारभाऱ्यांची नावे सापडतात. या कारभारणींची सापडत नाहीत.

२२/
आणि वळचणीच्या सर्वांत अंधाऱ्या कोपऱ्यात, मडक्यांच्या मागे, आली पत्र्याची ट्रंक. सावकाराच्या पावत्या, शेतसाऱ्याच्या पावत्या, वाटणीपत्रे, १९०४च्या कायद्यानंतर निघू लागलेल्या पतसंस्थांचे हिशेब आणि जुन्या वतनदार घरांत त्याहून जुने : रुमालात बांधलेले मोडी कागद.

ऐतिहासिक साधनांच्या दृष्टीने हा मोठा योगायोग ठरला. माळा कोरडा, धुरकट, माणसांच्या वर्दळीपासून दूर. कागदाला याहून बरी जागा जुन्या घरात नव्हती. उंदीर आणि वाळवी ही दोन संकटे मात्र तिथेही चढून जात. मातीच्या भिंतीतून वाळवी वर येते आणि पत्र्याच्या पेटीला ती हरते. लाकडी पेटीला हरत नाही.

२३/
इतिहासाचार्य राजवाडे याच अंधाऱ्या कोपऱ्यांच्या मागे आयुष्यभर हिंडले. वाईला मिळालेल्या कागदांपासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेला प्रारंभ झाला. पहिला खंड १८९८चा. पुढे एकूण २२ खंड निघाले. ७ जुलै १९१० रोजी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले आणि घराघरांतील दप्तरांना एक ठिकाण मिळाले. पेशवे दप्तर सरकारी इमारतीत होते म्हणून सरदेसाईंना १९३०नंतर त्यातून ४५ खंड काढता आले. घरगुती दप्तरांना कोणती इमारत होती? माळा हीच.

सरकारी दप्तरात राज्याचा व्यवहार सापडतो. सुप्याच्या बाजारात जमलेल्या एखाद्या शेतकऱ्याने पाच वर्षांनी कर्ज कसे फेडले, हे सापडायचे असेल तर ते माळ्यावरच्या ट्रंकेत.

२४/
यानंतरची गोष्ट तुमच्या डोळ्यांदेखतची आहे, म्हणून झरझर सांगतो. सिमेंटची स्लॅब आली आणि छप्पर पुन्हा सपाट झाले. एका अर्थी माळवद परतले, फक्त मातीऐवजी काँक्रीटचे. माळा गेला; न्हाणीघरावर वा स्वयंपाकघरात लॉफ्ट आला. पितळी डबे मांडणीवरून उतरले, स्टील चढले.

भोकाभोकांच्या लोखंडी पट्ट्या नटबोल्टने जोडून करतात ती रॅक सर्वांनी पाहिली असेल. तिचा मूळ शोध लंडनच्या डिमिट्रियस कोमिनो या मुद्रण-व्यावसायिकाचा, १९४७चा. हवी तेवढी उंची, हवे तिथे कप्पे, मोडून पुन्हा जोडता येणारी. आज उतरत्या छपराच्या फार्महाऊसमध्ये माळ्यासाठी स्वस्त मांडणी हवी असेल तर तिच्या पायऱ्या पाडून उताराखाली बसवतात : मध्याशी पाच कप्पे, मग तीन, मग एक. उतरंडीचाच आकार, लोखंडात.

२५/
दरम्यान पणदऱ्यापासून इंदापुरापर्यंत कौलारू घरे वेगाने पडत आहेत. पाडणाऱ्यांना दोष देण्यात अर्थ नाही. गळके छप्पर आणि पोखरलेली तुळई घेऊन कोणी राहावे? पण घर पाडायचा ठेका घेणारा माणूस सागवान, दारे आणि कौले यांची किंमत करतो. रद्दी त्याच्या हिशेबात वजनावर जाते.

तुमच्या आजोळी, चुलत घरी असा माळा उरला असेल तर पाडण्याआधी एक दिवस मागून घ्या. फळीपासून आढ्याची उंची मोजा, भिंतीतील तुळयांच्या भोकांची जागा मोजा, कौलावरील नाव टिपा, उतरंडीचे जागचे छायाचित्र काढा. घरच्या वडीलधाऱ्या बाईंना विचारा, कोणत्या मडक्यात काय असे.

२६/
ट्रंक सापडली तर घरच्यांच्या परवानगीने आणि त्यांच्यासमोरच उघडा. मोडी वाचता आली नाही तरी बिघडत नाही. रुमालाची गाठ कापू नका, सोडवा. आतले कागद ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने ठेवा. तो क्रम बांधणाऱ्याने लावलेला असतो आणि एकदा विसकटला की कोणता कागद कोणत्या व्यवहाराचा, हे जुळवायला जाणकारालाही महिने लागतात. चिकटपट्टी लावू नका, प्लास्टिकच्या पिशवीत घालू नका, उन्हात वाळवू नका. स्वच्छ, कोऱ्या सुती कापडात पुन्हा बांधा आणि वर कागदाच्या चिठ्ठीवर पेन्सिलने लिहा : गाव, घर, माळ्याची कोणती बाजू, तारीख.